कॉफी प्यायची असेल तर आधी चमचा बघा, मग घड्याळ

लातूरच्या ट्यूशन एरियात माझं मेडिकलचं दुकान आहे, सव्वीस वर्षं झाली. रात्री साडेनऊनंतर माझ्याकडं दोनच तऱ्हेची गिऱ्हाइकं येतात. एक म्हातारी माणसं, ज्यांना झोप येत नाही. दुसरी 'नीट' या मेडिकल प्रवेश परीक्षेची तयारी करणारी पोरं, ज्यांना झोप नको असते. मागच्या उन्हाळ्यात औशाकडचं एक पोरगं आलं. "काका, झोप लई यायलीय. झोप न येण्याची गोळी द्या की एखादी."

गोळी काही मी दिली नाही. मग त्यानं शेजारच्या किराण्यातून दोन-दोन रुपयांच्या कॉफीच्या पुड्यांची अख्खी माळ घेतली आणि माझ्यासमोर धरून विचारलं, "ह्यानं तर काय होत नाही ना? मोबाईलवर म्हणतेत, कॉफीनं शुगर होत नाही, लिव्हर चांगलं राहतंय."

मोबाईलवरचं ते बोलणं खोटं नव्हतं, पण अर्धंच होतं. त्या अर्ध्यावर मी स्वतः एकदा चांगला फसलेलो आहे, तेही फार्मसीची पदविका भिंतीवर टांगलेली असताना.

२०१९ ची गोष्ट. माझी उपाशीपोटीची शुगर ११४ आली आणि तीन महिन्यांची सरासरी सांगणारी (एचबीए१सी) ६.१. डॉक्टर म्हणाले, "अजून घरात आलेली नाही, पण उंबऱ्यावर बसलीय." तेव्हा मी दिवसाला सहा-सात चहा प्यायचो. कॉफी पिणाऱ्यांना मधुमेह कमी होतो हे कुठंतरी वाचलेलं होतं, म्हणून चहा सोडला आणि कॉफी धरली. आमच्या घरची कॉफी म्हणजे कपात पावडर आणि दोन चमचे साखर घ्यायची, थेंबभर दूध टाकून पांढरी होईपर्यंत फेटायची, वर म्हशीचं घट्ट दूध ओतायचं. असे चार कप. तीन महिन्यांनी तपासलं तर ६.४! घरी येऊन हिशेब मांडला. भरलेला चमचा म्हणजे पाच ग्रॅम. दोन चमचे, चार कप, चाळीस ग्रॅम साखर. जागतिक आरोग्य संघटना म्हणते की वरून घातलेली साखर दिवसभरात पंचवीस ग्रॅमच्या आत राहिली तर उत्तम. मी चाळीस ग्रॅम नुसत्या कॉफीतून पीत होतो, तेही औषध म्हणून.

म्हणून खाली जे सांगतोय त्यात कॉफीचं कौतुक कमी आणि चमच्या-घड्याळाची कटकट जास्त आहे.

फायदा खरा किती

कॉफीवर जगभरात ढीगभर अभ्यास झालेत. त्यातले दोनशेच्या वर एकत्रित अभ्यास पुन्हा एकत्र करून २०१७ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये एक मोठा आढावा आला. दिवसाला तीन-चार कप पिणाऱ्यांमध्ये हृदयविकार, टाइप टू मधुमेह, लिव्हरचे आजार आणि एकूणच मृत्यूचं प्रमाण न पिणाऱ्यांपेक्षा कमी दिसलं. लिव्हरच्या बाबतीत तर बऱ्याच अभ्यासांचा सूर एकच आहे. लिव्हर आकसून दगडासारखं होतं तो सिरॉसिस आणि लिव्हरचा कॅन्सर, दोन्ही कॉफी पिणाऱ्यांत कमी आढळतात. पार्किन्सन म्हणजे कंपवाताचंही तसंच.

पूर्वी कॉफीवर कॅन्सरचा संशय होता. १९९१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेनं मूत्राशयाच्या कॅन्सरबद्दल तिला संशयितांच्या यादीत टाकलं होतं. २०१६ मध्ये त्याच संस्थेनं सगळे पुरावे पुन्हा तपासून तिला त्या यादीतून काढलं. मात्र त्याच वेळी दुसरी गोष्ट सांगितली, जी आपल्या टपऱ्यांना जास्त लागू आहे: ६५ अंशांच्या वर गरम असलेलं कुठलंही पेय, मग चहा असो, कॉफी असो की दूध, अन्ननलिकेच्या कॅन्सरला बहुधा कारण ठरतं. आमचे आजोबा बशीत ओतून फुर्र करून प्यायचे आणि आम्ही कॉलेजात गेल्यावर त्यांना हसायचो. त्यांचं बरोबर होतं.

आता यातली मेख. हे बहुतेक अभ्यास निरीक्षणाचे आहेत. माणसं काय पितात ते विचारलं आणि पुढं वर्षानुवर्षं त्यांना काय होतं ते बघितलं. त्यावरून कॉफीनंच आजार टाळला असं ठाम म्हणता येत नाही. दुसरं म्हणजे ती माणसं मुख्यतः युरोप, अमेरिका, जपानकडची. त्यांचा कप म्हणजे बऱ्याचदा काळी कॉफी किंवा नावाला दूध. आपल्या फेटलेल्या, दोन चमचे साखरेच्या कपाला त्यांचं प्रमाणपत्र चिकटवता येत नाही. मी तेच केलं होतं.

एक गोष्ट मात्र मला फार आवडते. कॅफिन, म्हणजे कॉफीतलं झोप उडवणारं द्रव्य, काढून टाकलेली कॉफी पिणाऱ्यांतही मधुमेह कमी दिसतो. म्हणजे गुण नुसत्या कॅफिनचा नाही. कॉफीत क्लोरोजेनिक आम्ल आणि त्याच्या भावकीतली बरीच द्रव्यं असतात, त्यांचाही हात असावा. आजाराच्या बाबतीतला फायदा आणि झोप उडण्याचा परिणाम हे दोन वेगळे हिशेब आहेत. पोरांना दुसरा हवा असतो आणि आमच्या वयाच्या माणसाला पहिला.

पाकीट उलटं करून वाचा

दुकानात गेलात की पाकिटाची पुढची बाजू बघू नका, मागची बघा. बारीक अक्षरात "कॉफी-चिकोरी मिश्रण" लिहिलेलं असतं आणि पुढं टक्के. कायद्यानं चिकोरी ४९ टक्क्यांपर्यंत चालते. म्हणजे तुम्ही कॉफी म्हणून जे घेताय त्यात जवळजवळ अर्धी भाजून दळलेली मुळी असू शकते. चिकोरी काही विष नाही, तिनं रंग गडद होतो आणि कॉफीला अंग येतं, दाक्षिणात्य लोक ती मुद्दाम घालतात. पण तिच्यात कॅफिन नसतं आणि वर सांगितलेले अभ्यास कॉफीचे आहेत, तिचे नाहीत. वडिलांच्या तोंडी कायम पोल्सनच्या डब्याचं नाव असायचं. लोण्यासाठी गाजलेल्या त्या पोल्सननं मुंबईत धंदा सुरू केला तो कॉफी दळून विकण्यापासून, १८८८ साली. वडिलांना त्या कॉफीचा गडद रंग आठवायचा.

झटपट कॉफी घ्यायची तर शंभर टक्के कॉफी असलेली घ्या. फिल्टरची घ्यायची तर ८०:२०, म्हणजे ऐंशी टक्के कॉफी आणि वीस टक्के चिकोरी, पुरे. दळलेली पावडर एकदम किलोभर आणू नका, पाव किलो आणा. पावसाळ्यात डबा दोनदा उघडा राहिला की वास गेलाच म्हणून समजा.

बियांच्या दोन जाती लक्षात ठेवा, अरेबिका आणि रोबस्टा. रोबस्टात कॅफिन अरेबिकाच्या जवळपास दुप्पट असतं आणि ती कडूही जास्त. ज्यांना कॉफीनं छातीत धडधडतं त्यांनी अरेबिकाची पावडर मागावी.

करायची कशी

सगळ्यात सोपी आधी. पाणी उकळा, गॅस बंद करून मिनिटभर थांबा, कपात झटपट कॉफीचा एक सपाट चमचा, वर दीडशे मिली पाणी. झाली काळी कॉफी. पहिल्या दिवशी काढ्यासारखी लागते हे कबूल. मी सुरुवातीला पाव कप दूध घालायचो आणि साखरही. साखर एकदम सोडू नका, जिभेला राग येतो. आठवड्याला पाव चमचा कमी करत गेलो, तर दोन चमच्यांवरून शून्यावर यायला दोन महिने लागले. आता लग्नात कुणी कपात साखर घालून दिली की पाक प्यायल्यासारखं होतं.

फिल्टर कॉफीचा नाद मुलामुळं लागला. तो बंगळूरला नोकरीला आहे, तिथून त्यानं स्टीलचा फिल्टर आणला. देशातली सत्तर टक्के कॉफी कर्नाटकात पिकते आणि आमच्या निलंगा-उदगीरची शीव ओलांडली की कर्नाटकच लागतं. तरी या पट्ट्यात कॉफी नाही. बिदर, कलबुर्गीची माणसंही आपल्यासारखीच चहाबाज. कॉफी खाली, घाटाकडं. चिकमगळूरच्या डोंगरात बाबा बुडान नावाच्या फकिरानं सतराव्या शतकात येमेनहून सात बिया लपवून आणल्या अशी कथा सांगतात, तो डोंगर आजही त्याच्याच नावानं ओळखला जातो.

फिल्टर म्हणजे एकावर एक बसणारी दोन भांडी. वरच्याच्या तळाला बारीक भोकं, आत दांडीची एक चकती, वर झाकण. दोघांसाठी पोह्याच्या चमच्यानं तीन चमचे पावडर वरच्या भांड्यात घाला, साधारण पंधरा ग्रॅम. सारखी करा, पण दाबून बसवू नका. चकती वर हलकीच ठेवा. उकळून मिनिटभर थांबलेलं शंभर-सव्वाशे मिली पाणी चकतीवरून गोल फिरवत ओता, झाकण लावा आणि पंधरा-वीस मिनिटं तिकडं बघूही नका. आमच्या घरात पहिला आठवडाभर सगळे दर दोन मिनिटांनी झाकण काढून बघायचे. खाली जमतं ते डिकॉक्शन. एक भाग ते आणि दोन भाग गरम दूध. दूध तापवा, डिकॉक्शन उकळू नका, उकळलं की कडवट होतं.

थेंबच पडत नसेल तर एकतर पावडर फार बारीक आहे, नाहीतर भोकं बुजलीत. वरचं भांडं सांडशीत धरून गॅसच्या आचेवर क्षणभर तापवायचं, अडकलेली पावडर जळून जाते आणि भोकं मोकळी होतात. हे मला मुलाच्या घरमालकिणीनं शिकवलं.

पाण्याबद्दल एक. लातूरच्या बोअरच्या जड पाण्यात डिकॉक्शन मुळमुळीत उतरतं आणि फिल्टरला पांढरा थर धरतो. पिण्याचं गाळलेलं पाणीच वापरा. पाण्यावरून आठवलं. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे यायची तेव्हा लोक दुकानात विचारायचे, कॉफीनं अंगातलं पाणी जातं म्हणतात, मग प्यायची की नाही? सवय असलेल्या माणसानं तीन-चार कप घेतली तर अंगातलं पाणी आटत नाही. लघवीला थोडं जास्त होतं, पण कपातलं पाणीही पोटात गेलेलंच असतं. अर्थात लातूरच्या मे महिन्यात तहानेला कॉफी नाही, पाणीच.

कोलेस्टेरॉल वाढलेल्यांसाठी फिल्टरची एक बारीक अडचण आहे. कॉफीच्या तेलात कॅफेस्टॉल नावाचा पदार्थ असतो आणि तो वाईट कोलेस्टेरॉल वाढवतो. पावडर पाण्यात उकळून केलेल्या कॉफीत तो सगळ्यात जास्त. कागदी फिल्टर त्याला जवळजवळ पूर्ण अडवतो, स्टीलचा तसा अडवू शकत नाही. झटपट कॉफीत तो नाममात्र असतो. दिवसाला एखादा कप असेल तर डोक्याला ताप करून घेऊ नका. पण कोलेस्टेरॉलची गोळी चालू असेल आणि तीन कप प्यायचे असतील तर कागदी फिल्टर किंवा झटपट बरी.

आणि जायफळ. आपल्याकडं कॉफी म्हटलं की बायका आधी जायफळाची डबी शोधतात. झोप उडवणाऱ्या पेयात झोप आणणारं म्हणून नावाजलेलं जायफळ घालायचं, हे आपल्या लोकांनाच सुचू जाणे! चवीला झकास लागतं. दोन-चार वेळा किसणीवर फिरवलं एवढंच घाला. चमचाभर जायफळ पोटात गेलं तर गरगरतं, भ्रम होतो.

तुपाची कॉफी, लिंबू पिळलेली कॉफी, वजन उतरवणारी हिरवी कॉफी हे सगळं माझ्या काउंटरवर दर उन्हाळ्यात विचारलं जातं. कॉफीत तूप घातलं की कॉफीत तूप गेलं, बाकी काही नाही.

किती

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०२४ मध्ये आहाराच्या मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यात दिवसाची कॅफिनची मर्यादा ३०० मिलिग्रॅम सांगितली आहे. युरोपवाले निरोगी प्रौढाला ४०० पर्यंत मुभा देतात. मी आपला ३०० धरतो. दीडशे मिलीच्या कपात किती, तर फिल्टरच्या किंवा दळलेली पावडर गरम पाण्यात उतरवून केलेल्या कॉफीत ८० ते १२०, झटपट कॉफीत ५० ते ६५, चहात ३० ते ६५. आता तुमचा दिवस मांडा. सकाळी दोन चहा, दुकानावर एक, दुपारी फिल्टर कॉफी, संध्याकाळी पाहुण्यांबरोबर पुन्हा चहा. मर्यादा केव्हाच जवळ आलेली असते. लोक कॉफीचे कप मोजतात आणि चहाचे सोडून देतात, जणू चहा म्हणजे पाणी.

म्हणून "तीन-चार कप चांगले" हे वाचून चहाच्या वर तीन-चार कप कॉफी सुरू करू नका. चहाच्या जागी घ्या. माझं गणित असं बसलंय: सकाळी साडेसहाला एक चहा, अकराला काळी कॉफी, दीडच्या आत फिल्टरचा एक कप.

घड्याळ

आपण जागं राहतो तसं मेंदूत अडेनोसिन नावाचं द्रव्य साचत जातं आणि ते आपल्या ठरलेल्या जागांवर जाऊन बसलं की डोळे जड होतात. कॅफिन त्याच्याच घडणीचं. ते आधी जाऊन त्या जागा धरतं, एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून सीट धरावी तसं. पण अडेनोसिन काही गाडीतून उतरत नाही, दांडी धरून उभंच असतं. पुढच्या स्टॉपला कॅफिन उतरलं की सगळी गर्दी एकदम बसते. रात्रभर कॉफीवर जागलेलं पोरगं सकाळी आठच्या लेक्चरला का कलंडतं, ते यावरून कळेल.

आणि कॅफिन उतरायला वेळ लागतो. पोटात गेलेल्यातलं निम्मं संपायला साधारण पाच तास. संध्याकाळी सहाला शंभर मिलिग्रॅम घेतलं तर रात्री अकराला पन्नास शिल्लक. २०१३ च्या एका प्रयोगात लोकांना झोपायच्या सहा तास आधी ४०० मिलिग्रॅम कॅफिन दिलं, तरी झोप तासाभराहून जास्त घटली. "मला कॉफीनं काय होत नाही, पिऊन लगेच झोपतो" असं सांगणारे पुष्कळ भेटतात. झोप लागते, पण ती पातळ होते, आणि मग सकाळी उठल्यावर थकवा म्हणून पुन्हा कॉफी. मी दोननंतर घेत नाही. साठीच्या पुढच्यांनी बाराची वेळ धरावी. दुकानात झोपेची गोळी मागायला आलेल्या दोन-तीन म्हाताऱ्यांना मी आधी संध्याकाळचा चहा-कॉफी पंधरा दिवस बंद करायला लावला. एकजण परत गोळी मागायला आलाच नाही. बाकीचे आले, खोटं कशाला सांगू.

जेवणाचं घड्याळ याहून महत्त्वाचं, बायकांसाठी तर नक्कीच. आपली भाकरी, मेथी, अंबाडी, डाळ यात लोह असतं, पण ते शोषून घ्यायला शरीराला आधीच कष्ट पडतात. त्यावर चहा-कॉफी गेली की त्यातली द्रव्यं लोहाला बांधून टाकतात. १९८३ च्या एका प्रयोगात जेवणासोबत घेतलेल्या कॉफीनं लोहाचं शोषण ३९ टक्के कमी केलं आणि चहानं ६४ टक्के. कॉफी जेवणाच्या तासभर आधी घेतली तर फरक पडला नाही. पोषण संस्थाही जेवणाच्या आधी आणि नंतर किमान तासभर चहा-कॉफी नको म्हणते. माझं मत, जेवणानंतर दोन तास जाऊ द्या. महाराष्ट्रात निम्म्याहून जास्त बायकांना रक्तक्षय आहे, आणि माझ्या काउंटरवरून लोहाची गोळी नेणाऱ्या दहातल्या सहा-सात जणी ती चहाबरोबर घेतात. गोळी लिंबूपाण्याबरोबर घ्या, जेवताना ताटात लिंबू पिळा. लोहाला क जीवनसत्त्वाचा हात लागतो.

गोळ्या आणि कॉफी

थायरॉइडची गोळी सकाळी उपाशीपोटी साध्या पाण्याबरोबर, आणि कॉफी त्यानंतर तासाभरानं. माझी आई अठ्ठ्याहत्तर वर्षांची. ती वर्षभर गोळी आणि कॉफी एकत्रच घेत होती, अन् टीएसएच, म्हणजे थायरॉइडच्या तपासणीतला आकडा, काही केल्या खाली येत नव्हता, म्हणून डोस वाढत चाललेला. एक दिवस मी कप उचलला तर म्हणाली, "कामून हिसकायलास रे? गोळी गिळायला काहीतरी गरम लागतंय की." आता गोळी सहाला, कॉफी सातला.

हाडांची आठवड्याची गोळी असते तीही नुसत्या पाण्याबरोबरच. सिप्रोफ्लोक्सासिन हे अँटिबायोटिक चालू असेल तर कॅफिन अंगातून फार सावकाश जातं, नेहमीच्याच एका कपानं हात थरथरतात. दम्याचं थिओफिलिन हे कॅफिनचं सख्खं भावंड, दोन्ही एकदम नको. डोकेदुखीच्या काही गोळ्यांत कॅफिन मिसळलेलंच असतं, पाकिटावर बघा.

बीपी मोजायच्या आधी अर्धा तास कॉफी नको. लोक टपरीवर कप संपवून थेट माझ्या मशीनसमोर बसतात आणि १५० आकडा बघून घाबरतात. सवय नसलेल्याचं बीपी कॉफीनं दोन-तीन तास चढतं. उपाशीपोटीची शुगर द्यायला जाताना काळी कॉफीसुद्धा नको.

गरोदरपणात कॅफिन २०० मिलिग्रॅमच्या आत ठेवा, म्हणजे झटपट कॉफीचे फार तर दोन कप आणि मग चहा नाही. शेवटच्या महिन्यांत कॅफिन निघून जायला नेहमीच्या तिप्पट वेळ लागतो. ज्यांना छातीत जळजळतं, ठोके चुकल्यासारखे वाटतात, किंवा मनाला सतत घोर लागून राहतो, त्यांनी फायद्याच्या नादी लागून कॉफी सुरू करू नये. कॉफी न पिणाऱ्यानं तब्येतीसाठी ती सुरू करावी असं डॉक्टर सहसा सांगत नाहीत, मीही सांगत नाही.

सकाळच्या कॉफीनं पोट साफ होतं हा मात्र भ्रम नाही. साधारण तिघांतल्या एकाचं मोठं आतडं काही मिनिटांत हलायला लागतं. आमच्या शेजारचे निवृत्त गुरुजी कॉफीकडं फक्त याच नजरेनं बघतात.

उपासाचं डोकं

आषाढीला, नवरात्रात माझ्याकडं दुपारपासून डोकेदुखीच्या गोळीला रांग लागते. "पित्त उसळलंय. डोकं लई दुखायलंय." त्यातल्या बऱ्याच जणांचं पित्त नसतं. रोज चार-पाच कप चहा-कॉफी पिणाऱ्यानं एकदम बंद केलं की बारा ते चोवीस तासांत डोकं धरतं, चिडचिड होते, जांभया येतात. दुसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त, आणि काहींचं आठवडाभर चालतं. मी स्वतः एका आषाढीला हे भोगलंय. कॉफी सोडायची असेल किंवा निर्जळी उपास धरायचा असेल तर आठवडाभर आधीपासून रोज अर्धा-अर्धा कप कमी करत या. आणि उपासात कॉफी चालते की नाही हे मला विचारू नका, आमच्या घरातच दोन पक्ष आहेत.

पोरांसाठी

अठराच्या आतल्यांना प्रौढांचं माप लागू नाही. युरोपातल्या अन्नसुरक्षा संस्थेचं माप किलोमागं तीन मिलिग्रॅम. पन्नास किलोच्या पोराला दिवसाचे दीडशे, म्हणजे झटपटचे दोन कप आणि मग चहा विसरा. अभ्यासाला उपयोग होतो का? होतो, दोन-तीन तास लक्ष चांगलं लागतं. पण वाचलेलं डोक्यात बसतं ते झोपेत. पहाटे पाचला उठून अर्धा कप घ्या, रात्री बाराला एकही नको. डबाबंद थंड एनर्जी ड्रिंकांचं नावच काढू नका, त्यात साखर किती ते मागं लिहिलेलं असतं, वाचा.

नीटचा पेपर दुपारी दोनला असतो आणि केंद्रावर बरंच आधी आत घेतात. ज्यानं कधी कॉफी घेतलेली नाही त्यानं त्या दिवशी पहिल्यांदा घेऊ नये. धडधड वाढते आणि तीन तास लघवी धरून बसावं लागतं. सवय असेल तर रोजच्याच वेळी, रोजच्याइतकीच.

औशाचं ते पोरगं मधे पुन्हा आलं होतं. रात्रीचे सव्वाअकरा. पुड्यांची माळ निम्म्यावर आली होती. मी म्हटलं, आता जाऊन झोप, चारला उठ. तर म्हणालं, "झोपलो तर उठवायला कोन हाय काका? रूमवर सगळेच माझ्यासारखे." मोबाईल घरच्यांनी काढून घेतलेला होता. दुकानात औषध कंपनीनं भेट दिलेलं एक अलार्मचं घड्याळ पडून होतं, त्यात सेल घालून दिलं. ते अजून परत आणून दिलेलं नाही.